यंत्राला बारा तास दिसतात, पगारपत्रकाला आठच

चाकण एमआयडीसीत महाळुंग्याच्या बाजूला एका कारखान्याच्या गेटवर आमच्या वस्तीतला एक भाऊ सिक्युरिटीत आहे. वॉचमन म्हटलेलं त्याला आवडत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. संध्याकाळी सातला तो मोबाइलसमोर चेहरा धरतो. अ‍ॅप चेहरा ओळखतं, जीपीएसवरून तो गेटवरच उभा आहे ना हे तपासतं, मग हजेरी लागते. रात्रभर कुंपणाला लावलेले क्यूआर कोड ठरल्या वेळी स्कॅन करत फिरायचं. एक जरी राहिला तरी सुपरवायझरच्या फोनवर लाल खूण उमटते. सकाळी सातला पुन्हा चेहरा. दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापला जातो, आणि तोही याच अ‍ॅपच्या नोंदीवरून. म्हणजे यंत्राकडे बारा तासांचा मिनिटामिनिटाचा हिशेब आहे. पगारपत्रकात मात्र लिहिलेलं असतं: सव्वीस दिवस, रोज आठ तास.

उरलेले चार तास कुठे गेले?

सुरक्षा व्यवसायात आता नव्या तंत्रज्ञानाची मोठी चर्चा आहे. एआय कॅमेरे, चेहरा ओळखणारी यंत्रं, ड्रोनची गस्त, एका खोलीत बसून पन्नास गेटांवर नजर. जाहिरातीत हे सगळं चोरासाठी असतं. भोसरीपासून चाकणपर्यंत मी जे पाहते त्यात या यंत्रांची पहिली नजर चोरावर नाही, राखणाऱ्यावर आहे. चोर कधीतरी येतो, गार्ड रोज येतो.

मी यंत्राच्या विरोधात नाही. बाबासाहेबही नव्हते. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि ती कष्टकऱ्याला मिळत नसेल तर दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे, ही त्यांची भूमिका गांधीवादावरच्या त्यांच्या टीकेत स्पष्ट आहे. प्रश्न म्हणून एवढाच: या यंत्राने फुरसत कुणाला दिली? सुपरवायझरला रात्री फेरी मारावी लागत नाही. एजन्सीला हजेरीपटावर माणूस ठेवावा लागत नाही. गार्डची ड्युटी बाराची ती बाराचीच.

आपल्या लोकांना राखणदारी नवी नाही. वेशीवर कोण आलं, कोण गेलं हे पाहणारा वेसकर महारच होता. चोराचा माग काढायचा, सरकारी निरोप पोचवायचा, रात्री-अपरात्री हाक आली की निघायचं. कामाला तास नव्हते, आणि घरचा कर्ता माणूस नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. ज्याच्या भरवशावर गाव झोपायचं त्याचं घर मात्र गावाबाहेर. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या अमर्याद राबवणुकीच्या विरोधात. वतनं प्रत्यक्ष गेली ती 1958 च्या कायद्याने. आज हजेरीच्या अ‍ॅपमध्ये जातीचा रकाना नाही, हे मान्य. पण पिंपरीच्या झोपडपट्ट्यांत आणि चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत एकदा फिरा. लातूर, नांदेड, परभणीहून आलेली, जमीन नसलेल्या घरांतली पोरं या गणवेशात किती आहेत ते पाहा, मग बोलू.

वाकड-रावेतच्या सोसायट्यांत तर नजर कुणावर ठेवायची हे गेटवरच ठरलेलं आहे. स्टिकर लावलेली गाडी आली की दांडा आपोआप वर जातो. धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा फोटो, पासकोड, आत-बाहेरची वेळ, आणि जाताना पिशवीची झडती. जन्मानेच गुन्हेगार ठरवून पारध्यांकडून हजेरी घेणारा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. संशय कुणाचा घ्यायचा याची सवय रद्द झाली नाही.

एजन्सीवाले म्हणतात, गार्ड झोपतात, म्हणून ट्रॅकिंग लागतं. झोपतात. बारा तास उभं राहून, जोडीदार आला नाही म्हणून पुढची ड्युटीही ओढणारा माणूस झोपणारच. त्याची दहा मिनिटांची डुलकी टिपणाऱ्या यंत्राला त्याचे जादा तास कसे दिसत नाहीत?

आता कायदा बघा. वेतन संहितेच्या कलम 14 प्रमाणे जादा कामाला दुप्पट दर आहे. कमी वेतनाची तक्रार झाली तर पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी कलम 59 ने मालकावर टाकली आहे. पण तक्रारीचा पुरावा, म्हणजे आत-बाहेरची नोंद, एजन्सीच्या सर्व्हरवर आहे. आमच्या भावाने तीन महिन्यांची नोंद मागितली. उत्तर मिळालं, "डेटा कंपनीचा आहे."

चेहरा याचा, घाम याचा, डेटा कंपनीचा! 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर आलेल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम 7 नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा मालकाला देतं. कलम 11 मधला आपली माहिती मागण्याचा हक्क मात्र संमतीवर घेतलेल्या माहितीपुरताच आहे. म्हणजे गार्डची संमतीही नको आणि त्याला उत्तरही नको. हे कलम लिहिताना गेटवरचा माणूस कुणाच्या डोळ्यासमोर होता का?

महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला आणि त्याच धर्तीवर 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांचा. मंडळात नोंदणी, मंडळामार्फत पगार, भविष्यनिर्वाह निधी. पुणे जिल्ह्यातही असं मंडळ आहे. एजन्स्या सूट घेऊन त्याच्या बाहेर राहतात. सरकारने त्या सुटीलाच अट घालावी: हजेरी यंत्राने घेत असाल तर त्याच नोंदीवर पगार काढा, आणि दर महिन्याला त्या नोंदीची प्रत गार्डच्या मोबाइलवर पाठवा. नवं यंत्र लागत नाही, नवा खर्च नाही. वजावटीसाठी जी नोंद चालते ती ओव्हरटाइमलाही चालली पाहिजे.

तोवर आम्ही वस्तीतल्या गार्डना रोज हजेरी लागल्यावर स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगितलं आहे. कामगार कार्यालयात द्यायचा अर्ज तयार आहे. परवा सह्या घेताना हा भाऊ म्हणाला, "ताई, माझं नाव यादीत शेवटी टाका."