अनुवादकाचा अर्धा वाटा

२० मे २०२५ रोजी लंडन येथे बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या कथासंग्रहास आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक जाहीर झाले. बंडाय चळवळीतून पुढे आलेल्या आणि मुस्लिम स्त्रियांचे जिणे निर्भयपणे मांडणाऱ्या या कन्नड लेखिकेच्या गौरवाने देशभर आनंद व्हावा, हे स्वाभाविकच होते. परंतु या पारितोषिकाचा एक नियमही तितकाच विचारात घेण्याजोगा आहे. पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखक व इंग्रजी अनुवादक यांच्यात समसमान वाटली जाते. त्यामुळे अनुवादक दीपा भास्ती यांना मूळ लेखिकेइतकाच वाटा मिळाला. २०२२ साली गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधी’च्या अनुवादक डेझी रॉकवेल यांनाही याच न्यायाने निम्मी रक्कम मिळाली होती.

अनुवाद हे स्वतंत्र निर्मितिमूल्य असलेले श्रम आहेत, ही गोष्ट या नियमाने मान्य केली. मात्र पारितोषिक म्हणजे मोबदला नव्हे. वर्षाकाठी एका अनुवादकाच्या हाती पडलेला धनादेश इतरांचे बिऱ्हाड चालवीत नाही. २०१८ साली हेच पारितोषिक मिळवणाऱ्या जेनिफर क्रॉफ्ट यांना २०२१ मध्ये जाहीर करावे लागले की, मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव नसेल तर आपण अनुवाद करणार नाही. गौरव झालेल्यांची ही अवस्था, तर इतरांची काय कथा!

दुसरी मर्यादा बाजारपेठेची. ब्रिटन वा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेले पुस्तकच या पारितोषिकास पात्र ठरते. भारतात निघालेला उत्तम इंग्रजी अनुवादही तेथील प्रकाशक लाभेपर्यंत दाराबाहेरच राहतो. मराठीपुरते बोलायचे तर दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. जेरी पिंटो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडले. सदतीस वर्षांची ही दिरंगाई कोणतेही पारितोषिक भरून काढू शकत नाही.

साहित्य अकादमी १९८९ पासून अनुवादासाठी पुरस्कार देत आहे, हे स्वागतार्हच आहे. पण खरी गरज आहे ती करारातील हक्कांची : मुखपृष्ठावर नाव, वाजवी मानधन आणि विक्रीतील वाटा. श्रमाच्या प्रतिष्ठेची भाषा बोलणाऱ्या पुरोगामी प्रकाशनांनी याचा आरंभ स्वतःपासून करावा. अनुवादकाचे नाव गाळून पुस्तिका छापणाऱ्याला इतरांच्या शोषणाविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही.