तू नीट दाबलं नसशील!

कम्प्युटरवाल्याने मराठी विभागात लिहायचं म्हणजे एकतर कविता, नाहीतर मेसच्या पोळ्यांवर विनोद. कविता मला जमत नाही आणि पोळ्यांवर गेल्या वर्षीच एकाने लिहून झालंय. तेव्हा मित्रहो, यंदा एका चुकीबद्दल लिहितो. चूक आमची आहे, हे आधीच सांगून टाकतो.

थर्ड इयरला आम्ही तिघांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलच्या नोटिसांचं अॅप केलं. बोर्डावर लागणारी नोटीस मोबाईलवर, एवढंच. नोटिशीत लिंक असली तर ती निळी दिसायची आणि दाबली की उघडायची. रेक्टर सर खूश, आम्ही खूश. व्हायव्हाला एक्स्टर्नलने डेटाबेस विचारला, सिक्युरिटी विचारली, "फ्यूचर स्कोप काय?" हेही विचारलं. लिंक दाबल्यावर नेमकं काय होतं हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आमची तंतरली असती.

त्यानंतर शुल्क सवलतीची नोटीस आली. तिच्यात एकाखाली एक दोन लिंका होत्या. वर प्रथम वर्षाचा फॉर्म, खाली जुन्या विद्यार्थ्यांचा. आमच्या मजल्यावरच्या एका फर्स्ट इयरच्या पोराने फॉर्म भरला आणि यादीत त्याचं नाव आलं नाही. ऑफिसात कळलं, की त्याने जुन्या विद्यार्थ्यांचा फॉर्म भरलाय. दोन्ही फॉर्म दिसायला सारखेच : नाव, ब्रँच, रूम नंबर. मुदत संपली होती. पुढच्या यादीत नाव घेऊ म्हणाले, पण तोपर्यंत पूर्ण हप्ता भरणं भाग होतं. वडिलांनी गावच्या पतसंस्थेतून कर्ज काढून तो भरला.

पोरगा माझ्याकडे आला. म्हणाला, "दादा, मी वरचंच दाबलं होतं."

मी काय म्हणालो असेन? जे प्रत्येक कोड लिहिणारा म्हणतो तेच. "तू नीट दाबलं नसशील."

तो काही बोलला नाही. "बरं" म्हणून गेला. मला मात्र रात्री झोप लागेना. (खरं सांगायचं तर सबमिशनमुळेही लागत नव्हती.) दोन वाजता उठून नोटीस उघडली आणि वरची लिंक वीसेक वेळा दाबली. निम्म्या वेळा खालचा फॉर्म उघडला!

आता जरा तांत्रिक. मेकॅनिकलवाल्यांनीही वाचावं, कठीण नाही.

मोबाईलला लिंक वगैरे काही समजत नाही. काचेला फक्त बोट कुठे टेकलं ते कळतं, म्हणजे एक्स आणि वाय. तिथून लिंकपर्यंत आपल्याला चालत जायचं असतं. आधी वायवरून ओळ कितवी ते काढायचं, मग एक्सवरून त्या ओळीतलं अक्षर कितवं ते, आणि मग ते अक्षर कुठल्या लिंकच्या हद्दीत येतं ते बघायचं. अँड्रॉइडमध्ये हे करून देणारी लिंकमूव्हमेंटमेथड नावाची तयार सोय आहे. पण आमच्या नोटिसा यादीत होत्या आणि ती सोय लावली की यादीतल्या ओळीला बसणारा टॅप ती स्वतःच गिळायची. म्हणून आम्ही स्वतः लिहायचं ठरवलं. इंजिनिअर ना आम्ही!

माझ्या पार्टनरचा पहिला जुगाड तर अप्रतिम होता. ओळीची रुंदी भागिले अक्षरांची संख्या, म्हणजे एका अक्षराची रुंदी! इंग्रजी मजकुरावर हे साधारण चाललं. मराठी नोटीस टाकली आणि लिंक एका शब्दाने सरकली. कारण 'स्त्री' हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर असलं, तरी युनिकोडमध्ये ते सहा तुकड्यांचं आहे : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. शिवाय ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दिसते व्यंजनाच्या आधी. तिथे भागाकार काय कामाचा? हे काम मजकूर मांडणाऱ्या लेआउटलाच विचारायचं असतं, त्याच्याकडे ती माहिती असते. ते आम्ही दुरुस्त केलं आणि शहाणे झालो असं समजलो.

खरा घोळ पॅडिंगचा होता. नोटीस कडेला चिकटलेली वाईट दिसते म्हणून मागाहून आम्ही चारी बाजूंनी १२ डीपी जागा सोडली. मजकूर १२ ने खाली सरकला, पण बोटाच्या वायमधून ते १२ वजा करायला विसरलो. आमची ओळ २४ डीपीची. म्हणजे वरच्या ओळीच्या खालच्या अर्ध्या भागात बोट टेकलं की हिशेबात ती खालची ओळ. त्यात बोट काचेवर टेकतं ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा जरा खालीच. पोराने बरोबरच दाबलं होतं. एका वजाबाकीच्या चिन्हाने त्याच्या घरी कर्ज नेलं.

यावर काही जण म्हणतील, बग आहे, होतो, दुरुस्त केला, संपलं. मला ते पटत नाही. बग एका ओळीत दुरुस्त झाला, पण "तू नीट दाबलं नसशील" हे वाक्य दुरुस्त होत नाही. आपल्या शिक्षणात टॅप ओळखणं हे 'युआय' खात्यात जातं आणि युआय म्हणजे रंगरंगोटी, ज्याला काही येत नाही त्याला द्यायचं काम. अल्गोरिदमवाला मुलगा हुशार. पण वापरणाऱ्याचा संबंध येतो तो त्या चार मिलिमीटरशी! चार म्हणजे चारच. एक डीपी म्हणजे इंचाचा १६०वा भाग, तेव्हा २४ डीपीची ओळ चार मिलिमीटरसुद्धा भरत नाही. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात दाबायच्या गोष्टीला ४८ डीपी जागा सांगितली आहे, अॅपलच्या ४४ पॉइंट. वेबच्या सुलभतेच्या नियमांची २.२ ही आवृत्ती २०२३ साली आली, तिने किमान २४ पिक्सेल सांगितले, पण वाक्यात आलेल्या लिंकला त्यातून सूट दिली. कारण उघड आहे, ओळीची उंची वाढवली तर परिच्छेद वाचवणार नाही. पण बोट काही नियम वाचून बारीक होत नाही. मेसच्या मावशींची बोटं बघा, वर्कशॉपमधल्या काकांची बघा.

म्हणून माझं सरळ मत असं, की ज्या लिंकवर कोणाची फी, परीक्षा किंवा प्रवेश अवलंबून आहे ती वाक्यात ठेवूच नये. तिचं वेगळं बटण करावं आणि त्यावर ते कुठे नेणार हे मराठीत लिहावं. पार्टनर म्हणतो, "मग लिंक ओळखायचा कोड लिहायचाच कशाला?" लिहायचा, कारण नोटीस आपण लिहीत नाही, लोक लिहितात आणि कशीही लिहितात. एकदा ऑफिसातून पत्ता आला आणि त्याला 'वर' हा शब्द चिकटून, मध्ये स्पेस नाही. लिंक शोधायचा तयार नमुना आम्ही वापरत होतो, त्याला पत्त्यात देवनागरी अक्षरंही चालतात. त्याने 'वर' सकट सगळं निळं केलं आणि पान सापडेना. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो ही शाळेतली गोष्ट. टायपिस्टची त्यात काय चूक?

आता आम्ही पॅडिंग वजा करतो. बोट टेकलं की लिंकमागे रंग चढतो, उचलायच्या आधी कळतं की कोणती धरली गेली आणि नको असेल तर बोट सरकवून सोडता येतं. बोट दोन लिंकांच्या मध्येच पडलं तर अंदाज न करता दोन्ही नावं दाखवून विचारतो. पार्टनरच्या मते यात एक टॅप वाढतो. वाढू दे. स्क्रीन वाचून दाखवणारा टॉकबॅक लावून मात्र अजून नीट तपासलेलं नाही, ते राहिलंय. बोटाऐवजी कानाने वाचणाऱ्याला आमच्या हाताने लिहिलेल्या कोडमधली लिंक सापडते का, हे बघायचंय.

नवीन आवृत्ती गेल्या महिन्यात टाकली. त्या पोराच्या मोबाईलमध्ये अजून जुनीच आहे, डेटा संपेल म्हणून तो अपडेट करत नाही. "राहू दे दादा, मी नखाने दाबतो," म्हणाला. दुसऱ्या हप्त्याची नोटीस लागायची आहे. रविवारी मेसमध्ये त्याला गाठून माझ्या हॉटस्पॉटवर अपडेट करून देणार आहे, आणि त्या रात्री जे बोलायला हवं होतं तेही तेव्हाच बोलायचंय.