व्युत्पत्तीचे राज्य : फेरोईज भाषेच्या निमित्ताने

उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांच्या भाषेविषयी लिहिताना अभ्यासक बहुधा एकाच गुणाचे कौतुक करतात : तिने प्राचीन नॉर्सची रूपे जपली. हे कौतुक तपासून घेतले पाहिजे. त्यात भाषेच्या इतिहासाचे वर्णन कमी आणि तिच्या भाषकांवरील निवाडा अधिक आहे.

व्ही. यू. हॅमर्सहाइम्ब यांनी १८४६ मध्ये घालून दिलेली लेखनपद्धती व्युत्पत्तिनिष्ठ होती. तिचे समर्थन करता येते : बेटोबेटी उच्चार भिन्न असताना तिने कोणत्याही एका बोलीला झुकते माप दिले नाही. याकोब याकोबसेन यांनी १८८९ मध्ये सुचवलेले उच्चारानुसारी लेखन मागे पडले, तेही समजण्याजोगे आहे. येथवर प्रश्न सोयीचा होता. पुढे मात्र सोयीचे तत्त्व झाले आणि व्युत्पत्ती हा शब्दाच्या कुलीनतेचा दाखला ठरला.

हा दाखला स्वतःच्याच कसोटीला उतरत नाही. ‘तार्वुर’ (बैल) हा शब्द गेलिकमधून आलेला. तरी त्याला कोणी परका म्हणत नाही. याउलट मूळ लो जर्मन असलेले, डॅनिशमार्गे आलेले ‘बेताला’ (पैसे चुकते करणे) हे क्रियापद बोलण्यात रुळूनही शिष्ट लेखनात संशयित राहते. दोन्ही शब्द उसनेच. भेद केवळ वयाचा. उसनवारी विसरली गेली की शब्द शुद्ध होतो, एवढाच या शुद्धतेचा अर्थ.

व्याकरणात हाच न्याय उलट्या दिशेने चालतो. बोलीतून षष्ठी जवळजवळ लोपली आहे. स्वामित्वसंबंध नामापूर्वी येणाऱ्या अव्ययाने आणि चतुर्थीने व्यक्त होतो. षष्ठी उरली ती समासांत आणि काही ठरीव प्रयोगांत. तरी रूपावल्यांत ती इतर तीन विभक्तींच्या पंक्तीला सन्मानाने बसते. जिवंत शब्दाला कुळ विचारायचे आणि निष्प्राण रूपाला केवळ कुळामुळे आसन द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

डॅनिशच्या वर्चस्वाखाली हे शुद्धिवादी धोरण आत्मरक्षणाचे साधन होते, हा युक्तिवाद वजनदार आहे. १९४८ च्या स्वशासन कायद्याने फेरोईजला प्रमुख भाषेचे स्थान दिले, त्यामागे ही जिद्द होतीच. ‘मोजणे’ या अर्थाच्या जुन्या धातूवरून घडवलेला ‘तेल्दा’ (संगणक) हा शब्द तिचेच फळ. परंतु ‘तेल्दा’ रुजला तो लोकांनी वापरला म्हणून. व्युत्पत्तीने त्याला देह दिला, मान्यता दिली ती वापराने. हा भेद पुसणारी समीक्षा भाषेचे रक्षण करीत नाही; ती भाषकाला त्याच्याच घरात उपरा ठरवते.