बोटीत लाइफ जॅकेट हवेच

पुण्याचा रोहन मोरे 2018 मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून गेला आणि ‘ओशन्स सेव्हन’ ही सात सागरी अंतरांची मालिका पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला. गार पाण्यात अचानक पडले की पहिली एक-दोन मिनिटे जोराची धाप लागते आणि श्वासाबरोबर पाणी आत जाते. सरावाने ही धाप आवरता येते. शिवाय अशा जलतरणपटूच्या सोबत बोट असते.

आपल्या नर्मदाकाठी बोट हाच रस्ता आणि दवाखान्याची वाट. जानेवारी 2019 मध्ये संक्रांतीच्या पूजेला निघालेली बोट इथे उलटली, माणसे दगावली. लाइफ जॅकेट धाप ओसरेपर्यंत तोंड पाण्यावर ठेवते. ते प्रत्येक प्रवाशाला सक्तीचे करावे, आश्रमशाळांत पोहणेही शिकवावे.