सही, शिक्षा आणि ‘लेखकाचा मृत्यू’

‘लेखकाचा मृत्यू’ ही संकल्पना मराठी समीक्षेत आता इतकी रुळली आहे की, स्त्रीवादी लेखनातील ‘मी’ची दखल घेणे म्हणजे चरित्रात्मक समीक्षेकडे मागे वळणे, असा शेरा सहज मारला जातो. हा शेरा सिद्धान्ताच्या अपुऱ्या वाचनातून आलेला आहे.

रोलां बार्तचा तो निबंध फ्रेंचमध्ये १९६८ साली प्रसिद्ध झाला. तीनच वर्षांनी, ५ एप्रिल १९७१ रोजी, ‘ल नुव्हेल ऑब्झर्व्हातर’ या साप्ताहिकात ३४३ स्त्रियांचा जाहीरनामा आला. सिमोन द बोव्हारने लिहिलेल्या या छोट्या संहितेत प्रत्येक सहीकर्ती आपण गर्भपात केल्याचे जाहीर करते. मार्गरित द्युरास, फ्रान्स्वाज सागां, कातरीन दनव यांच्या सह्या तिच्याखाली होत्या. गर्भपात तेव्हा फ्रान्समध्ये दंडनीय होता. म्हणजे सही करणे हीच गुन्ह्याची कबुली होती. सह्या करणाऱ्यांपैकी काही जणींनी मात्र गर्भपात केलेलाच नव्हता. तेव्हा हा ‘मी’ आत्मचरित्राचा पुरावा ठरत नाही, आणि निव्वळ व्याकरणिक पद म्हणून निकालातही काढता येत नाही. लेखक शिक्षेस पात्र होऊ लागला तेव्हा लेखनाला त्याचे नाव चिकटले, असे प्रतिपादन मिशेल फूकोने १९६९ मध्ये केले होते. या स्त्रियांनी ते सूत्र उलटवले : शिक्षेचा धोका पत्करून कर्तृपद मिळवले. १९७२ च्या बोबिन्यी खटल्यात वकील जिझेल हलिमी यांनी कायद्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९७५ मध्ये व्हेल कायदा आला. २०२४ मध्ये गर्भपाताचे स्वातंत्र्य फ्रेंच संविधानात नोंदले गेले.

भारतातील वैद्यकीय गर्भपात कायदाही १९७१ चाच. ‘आपल्याकडे न झगडता मिळाले’ असे याबद्दल अभिमानाने सांगितले जाते. पण शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींतून घडलेल्या या कायद्यात निर्णायक ठरते ते नोंदणीकृत डॉक्टरने सद्भावनेने बनवलेले मत; २०२१ च्या दुरुस्तीनेही हा पाया बदलला नाही. स्त्री इथे कर्म आहे, कर्ता नव्हे.

मराठीला कर्त्री स्त्री अपरिचित मुळीच नाही. नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ मध्ये शिक्षा झाली, त्या प्रकरणावरील गदारोळाला ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये स्वतःच्या नावानिशी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले. हे पुस्तक ‘अनुभवकथन’ किंवा ‘प्रचार’ या कप्प्यात टाकणाऱ्या समीक्षेने आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे : ज्यांना कायद्याने आणि व्याकरणाने कर्तृपदच नाकारले, त्यांच्या लेखकपणाचा मृत्यू घोषित करण्याचा अधिकार तिला कुणी दिला?