हिशेबापेक्षा लख्ख

नगरहून कल्याणच्या रस्त्याने आळेफाट्याला पोचलं, की नारायणगावजवळचं खोडद फार लांब राहत नाही. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिल्या असतील. ती दुर्बीण चालवते पुण्याची एनसीआरए ही संस्था. याच संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये एक दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा समूह, जगासमोर मांडली. नाव ठेवलं अलकनंदा. ती सापडली मात्र अंतराळातल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत.

अलकनंदेचा प्रकाश सुमारे १२०० कोटी वर्षं प्रवास करून आला आहे. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. म्हणजे आपल्याला ती दिसते, ती विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची. वाटेतल्या एका दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं, म्हणून ती दुप्पट उजळ दिसली. त्या काळातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या असतील असा अंदाज होता. हिला तर दोन सुबक सर्पिल बाहू आहेत!

वर्गात हे सांगितलं, की मुलं नेमका प्रश्न विचारतात, "तेव्हा कुणीच नव्हतं, मग अंदाज केला कशावरून?"

अंदाज केला संगणकावरून. सुरुवातीचं द्रव्य, गुरुत्वाकर्षण, वायू थंड होणं, तारे जन्मणं, फुटणं यांचे नियम संगणकाला द्यायचे आणि काळ पुढे सरकवायचा. पडद्यावर एक नकली विश्व वाढत जातं. त्यात कोणत्या वयात किती दीर्घिका आणि किती तेजस्वी, हे मोजता येतं.

२०२२ मध्ये वेबची छायाचित्रं येऊ लागली आणि हा हिशेब अडखळला. फार सुरुवातीच्या काळात लख्ख दीर्घिका अपेक्षेपेक्षा जास्त दिसू लागल्या. लगेच 'बिग बँग खोटा ठरला' असे दावे पसरले. संशोधकांनी मात्र आधी स्वतःच्या मोजणीवर संशय घेतला.

ते कसं? तांदूळ निवडणाऱ्याची नजर तपासायची, तर मोजून दहा खडे त्यात मिसळावेत आणि किती सापडतात ते बघावं. तसंच खऱ्या छायाचित्रांत नकली दीर्घिका मिसळतात आणि शोधणाऱ्या प्रणालीला किती सापडतात ते मोजतात. त्यावरून नजरेतून किती निसटतात ते कळतं. दुसरी भीती उलटी असते, जवळचीच वस्तू लांबची समजण्याची. २०२२ मध्ये एक दीर्घिका बिग बँगनंतर सुमारे २५ कोटी वर्षांनीची असावी असं वाटलं होतं. पुढे तिच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला, तेव्हा ती निघाली सुमारे १२० कोटी वर्षांनीची. रंगांवरून फसगत झाली होती. संशोधकांनी तेही जाहीर केलं.

पण सगळ्याच काही अशा गळाल्या नाहीत. २०२४ मध्ये जाहीर झालेली एक लख्ख दीर्घिका बिग बँगनंतर ३० कोटी वर्षांच्या आतली आहे, आणि ती वर्णपटाच्या कसोटीवर टिकली. म्हणून आता तपास संगणकातल्या नियमांचा चालू आहे. तारे संथपणे न जन्मता झपाट्याने, लाटांनी जन्मत होते का? धूळ कमी असल्याने प्रकाश जास्त बाहेर पडत होता का? बिग बँग मोडीत निघालेला नाही. पहिले तारे कसे जन्मले, याचं आपलं ज्ञान अपुरं ठरलं आहे.

दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी देवयानी दीर्घिकेची नोंद 'छोटा ढग' अशी केली. दीर्घिका ही कल्पनाच तेव्हा नव्हती. जे दिसलं, ते दिसलं तसं लिहिलं, म्हणून ती नोंद आजही उपयोगी पडते.

घरात मुलाचं किंवा मुलीचं उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही, की आपण पटकन म्हणतो, "चुकलं, खोड." त्याआधी एकदा विचारावं, "कसं काढलंस, दाखव बरं." चूक असेल तर तिथेच सापडेल. नसेल, तर पुस्तक पुन्हा उघडावं लागेल. राशी जैन यांनी अलकनंदा शोधली, तेव्हा त्याही विद्यार्थिनीच होत्या, पीएचडीच्या. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला लोकांसाठी प्रदर्शन भरतं. जाल तेव्हा मुलींनाही सोबत घ्या.