कपाळाचा ताप, बाजाराचे कुलूप

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागली. साथ आली की तिथेही प्रवाशांच्या कपाळासमोर तापमापक बंदूक धरली जाईल आणि आपले व्यापारी बांधव निर्धास्त होतील. ही निर्धास्ती महागात पडते. अंगाला न लागता ही बंदूक फक्त त्वचेची उष्णता मोजते. कोरोनाची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला २ ते १४ दिवस लागतात. तोवर रोगी बिनदिक्कत पुढे जातो. पॅरासिटामॉल घेतलेलाही जातो. अडतो कोण, तर उन्हातून आलेला धडधाकट माणूस!

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतही २०२० साली हीच बंदूक होती. तरी रुग्ण वाढले आणि ११ मेपासून आठवडाभर घाऊक बाजार बंद ठेवावे लागले. तिथे रोज गावोगावचे ट्रकचालक आणि हमाल येतात. ताप सांगितला तर दिवसाची मजुरी बुडणार, मग हमाल तो लपवणारच. त्याला दोष काय द्यायचा? बंदूक जरूर ठेवा, पण तापाच्या माणसाला मजुरी देऊन घरी पाठवता येईल एवढी रक्कम गाळेवाल्यांनी मिळून आताच बाजूला काढावी. आठवडाभर गाळ्याला कुलूप लावण्यापेक्षा ती खचितच स्वस्त पडेल.